नॅपस्टर पडलं, टोरंट उभं राहिलं

आजची गोष्ट सुरू होते जून १९९९ मध्ये, अमेरिकेत. शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या कॉलेजच्या पोराने नॅपस्टर आणलं. कल्पना साधी. गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर राहणार, कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी तेवढी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. शोधायचं यादीत, घ्यायचं थेट त्या माणसाकडून.

पण ही यादीच नॅपस्टरचं मर्म होती. डिसेंबर १९९९ मध्ये म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. गंमत बघा, फाइली लोकांकडे तशाच होत्या. फक्त कोणाकडे काय आहे, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

मग यादीच नको, असं म्हटलं तर? मार्च २००० मध्ये आलेल्या नुटेलाने तेच केलं. शेजाऱ्याला विचारा, तो त्याच्या शेजाऱ्याला विचारेल. बंद करायला मधे कुणीच नाही! पण विचारपूस इतकी वाढली की त्यातच नेटवर्क तुंबायला लागलं. दुसरी अडचण माणसांची. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं की नुटेलावरचे जवळपास ७० टक्के लोक स्वतः काहीच शेअर करत नव्हते. घ्यायला सगळे, द्यायला कुणी नाही.

इथे येतो ब्रॅम कोहेन. जुलै २००१ मध्ये त्याने बिटटोरंट आणलं. लग्नातली पंगत आठवा. एकच वाढपी आणि हजार पानं, तर शेवटच्या पानापर्यंत भात कधी पोचणार? कोहेनने फाइलचे छोटे तुकडे केले. तुम्हाला एक तुकडा मिळाला की तुम्हीही वाढपी! जो जास्त देतो त्याला जास्त मिळतं, जशास तसे. जो तुकडा सर्वांत कमी लोकांकडे आहे, तो आधी उचलायचा, म्हणजे तो गायब होत नाही. प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो, त्यामुळे कुणी खोटा माल खपवू शकत नाही. गर्दी वाढली की नेहमीचा सर्व्हर दमतो. इथे गर्दी वाढली की वेग वाढतो.

तरी कोण कोणाकडून घेतंय हे सांगणारा ट्रॅकर मधे होताच. २००५ मध्ये ती वहीसुद्धा थोडी थोडी सगळ्यांमध्ये वाटून टाकली गेली. आता मधे खरंच कुणी नव्हतं.

मग कायदा हरला का? नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रोक्स्टर खटल्यात एकमताने सांगितलं: चोरीसाठी वापरा असं सुचवत सॉफ्टवेअर पसरवलंत, तर जबाबदारी तुमचीही. मधला सर्व्हर काढता आला, जबाबदारी नाही. आणि गाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न कोणत्याच प्रोटोकॉलने सोडवला नाही.

पण ते तंत्र वाया गेलं नाही. लिनक्स आजही टोरंटवरून मिळतं. स्पॉटिफायसुद्धा २०१४ पर्यंत कॉम्प्युटरवरची गाणी पोचवायला हीच युक्ती वापरत होतं, फक्त लायसन्स घेऊन. म्हणजे दोष वाटून घेण्यात नव्हता. न विचारता वाटण्यात होता.

चला, भेटू पुढच्या भागात!