बारीतली वाट

वणीहून कळवणला मोटारसायकलने जाताना आम्ही मुळाणे बारीत हटकून थांबतो. डावीकडे मार्कंड्या, उजवीकडे रवळ्या-जवळ्या. हे देखणे दुर्ग मुळात वाटेवरच्या पहाऱ्यासाठी आहेत. सातमाळा रांग ओलांडायची तर बारीखेरीज गत्यंतर नसे. बारी ज्याच्या ताब्यात, वाहतूक त्याच्या मुठीत. याच रांगेत, पूर्वेला कांचनबारी आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेचा ऐवज घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांची वाट मोगल सरदार दाऊदखानाने या परिसरात अडवली. इतिहासात ती वणी-दिंडोरीची लढाई. मराठ्यांनी खानाला झुंजवत ठेवले आणि ऐवज सुखरूप पुढे गेला. आज आम्ही दोन घटका देखावा न्याहाळतो, तेव्हा पूर्वीच्या पहारेकऱ्याचीच नजर उसनी घेतो. फक्त त्याची धास्ती आमच्या वाट्याला येत नाही.