फाळक्यांचं वय

नाशिककर मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपण ‘राजा हरिश्चंद्र’पाशी जातो आणि तिथेच थांबतो. १९१३, गिरगावचं कोरोनेशन थिएटर, भारताचा पहिला चित्रपट. पुढे पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक आणि दरवर्षीचा पुरस्कार. मधली तीस वर्षं गायब! मला त्या गायब वर्षांबद्दल लिहायचंय, कारण आज पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही कलाकाराला जे ऐकून घ्यावं लागतं, ते सगळं त्या वर्षांत आहे.

आधी एक साधा हिशोब. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. म्हणजे ‘हरिश्चंद्र’ आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याआधी जे.जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग छापखाना. छापखान्यात भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. त्यात डोळ्यांचं दुखणं. आजच्या एखाद्या एचआरवाल्याच्या टेबलावर हा बायोडेटा ठेवून बघा. चाळिशी उलटलेली, दर काही वर्षांनी लाइन बदललेली, मध्ये गॅप, वर तब्येत बरी नाही. पहिल्याच चाळणीत बाद.

आणि याच माणसाने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. वय ४१. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांत परत आला. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वेलाची वाढ फ्रेम फ्रेम करून टिपली. एक नवंकोरं तंत्र हा गृहस्थ चाळिशीनंतर शिकला, आणि शिकवणारं इथे कुणी नव्हतं. तेव्हा ‘वय झालं की नवं तंत्र डोक्यात शिरत नाही’ हे निदान आपण नाशिकच्या लोकांनी तरी म्हणू नये.

आता मधली वर्षं. १९१८ मध्ये भांडवलवाल्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ गाजले. पण पैसा भागीदारांचा आणि चित्रपट फाळक्यांचा, यावरून खटके उडायचेच. ते वैतागून काशीला गेले, नाटक लिहिलं. परत आले ते पगारी माणूस म्हणून. माझ्या मते फाळक्यांचं ‘म्हातारपण’ इथे सुरू झालं, जेमतेम पन्नाशीत. हात तेच होते, नजर तीच होती. फक्त निर्णय दुसऱ्याकडे गेला होता.

मग १९३१, ‘आलम आरा’. सिनेमा बोलायला लागला. फाळके तेव्हा साठीचे आणि ‘सेतुबंधन’ मूक म्हणून चित्रित करत होते. त्यावर नंतर आवाज चढवावा लागला. १९३२ मध्ये प्रभातने पहिला मराठी बोलपट आणला, ‘अयोध्येचा राजा’. विषय? राजा हरिश्चंद्रच! ज्या कथेने फाळक्यांचं नाव केलं, तीच कथा आता तीस वर्षांचा शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम, बोलती करून दाखवत होता.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. फाळके मागे पडले ते निव्वळ वयामुळे, असं म्हणणं खोटं ठरेल. बोलपटांच्या लाटेत मूकपट घेऊन उभा राहिलेला कुणीही बुडालाच असता, मग तो विशीतला का असेना. हट्टी तर ते होतेच. पण पुढचं बघा. प्रभात पुण्याला गेल्यावर कोल्हापूर सिनेटोनने त्यांना बोलावलं आणि १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ आला. फाळक्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट, वयाच्या ६७व्या वर्षी. म्हणजे आवाजाचं तंत्रही त्यांनी हाताळलं. त्यानंतर मात्र त्यांना कुणी बोलावलं नाही.

१९३९ मध्ये भारतीय सिनेमाचा रौप्यमहोत्सव झाला. शांतारामांनी पुढाकार घेऊन निधी जमवला आणि नाशिकमध्ये फाळक्यांचं घर झालं, ‘हिंद सिने जनकाश्रम’. शांतारामांचा मोठेपणा मान्यच. पण तेव्हाही जनकाला घर मिळालं, काम नाही मिळालं. आमच्या धंद्यात हे आजही तसंच चालतं. सत्काराला शाल तयार असते, ‘मार्गदर्शन करा’ म्हणून फुकट बोलावणं असतं. असाइनमेंटचा विषय काढला की समोरचा घड्याळ बघतो.

माझंही थोडं सांगतो. जाहिरातींच्या डिझाइनमध्ये तीस वर्षं झाली. ब्रशने अक्षरं काढायचो, मग डीटीपी आलं, मग फोटोशॉप, आता एआय. मध्यंतरी मुंबईतल्या एका एजन्सीत गेलो, तर पोर्टफोलिओ न उघडताच प्रश्न आला, “नवीन टूल्स जमतील ना, काका?” ‘काका’चं मला काही नाही. पण तीनदा धंदा मुळापासून बदलला आणि तिन्ही वेळा तरलो, हे विचारावंसं त्या पोराला वाटलं नाही.

शांतारामांचंच उदाहरण उलट बाजूने घ्या. १९४२ मध्ये चाळिशीत प्रभात सोडून त्यांनी राजकमल काढलं. १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये केला, तेव्हा ते ५३ वर्षांचे. ‘पिंजरा’ १९७२चा, वय सत्तर! ‘अण्णा, तुम्हाला रंगीत जमेल का?’ असं त्यांना कोण विचारणार? स्टुडिओ त्यांचा स्वतःचा होता. फाळके आणि शांताराम यांच्या उतारवयात जो फरक दिसतो, तो बुद्धीचा किंवा उमेदीचा नाही, किल्ली कुणाच्या खिशात होती याचा आहे.

फाळक्यांची उमेद तर शेवटपर्यंत संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं, चित्रपटाला परवाना लागायला लागला. ७३ वर्षांच्या फाळक्यांनी नव्या चित्रपटासाठी अर्ज केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकार आला. त्याच महिन्यात, १६ तारखेला, ते इथे नाशिकला गेले.

राहिला कायद्याचा मुद्दा. राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान वगैरेंवरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. खासगी मालकाला वयावरून नाकारण्यापासून रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी तो १९६७ मध्येच झाला. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान कोर्टाची पायरी तरी चढता येते. आपल्याकडे ‘डिझायनर पाहिजे, वयोमर्यादा ३५’ असं बिनदिक्कत छापता येतं.

नाशिकमधल्या अशा जाहिराती मी जमवायला लागलोय. तुमच्या पाहण्यात आली तर फोटो काढून मला पाठवा, नाव-नंबर झाकून. कुणाला बदनाम करायचं नाहीये, किती आहेत ते मोजायचंय. आमदारांकडे जायचं तर हातात आकडा हवा.