कमर्शियल गॅस शेगडी बसवताय? डिटेक्टर कुठे लावायचा, जेट कोणता, सिलिंडर किती?

माझ्या एका मित्राने पुण्यात क्लाउड किचन सुरू केलं. मोबाईलवर अलर्ट देणारा गॅस डिटेक्टर ऑनलाइन मागवला आणि स्मोक डिटेक्टरसारखा छताजवळ चिकटवला. किचनमध्ये १९ किलोचे एलपीजी सिलिंडर. म्हणजे गळती झाली असती तर गॅस खाली पसरला असता आणि डिटेक्टर वर गप्प बसला असता.

एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ते हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे पाण्यासारखं खाली उतरतं, ओट्याखाली आणि गटारात साठतं. म्हणून डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर, हवेची जाळी भिंतीच्या तळाशी, आणि सिलिंडर तळघरात किंवा ड्रेनेजच्या झाकणाजवळ कधीच नाही. पाईपने येणारा पीएनजी मात्र मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तिथे डिटेक्टर छताजवळच हवा. आधी गॅस कोणता ते बघा, मग ड्रिल मशीन हातात घ्या.

सेकंडहँड शेगडी घेतानाही हाच प्रश्न विचारा. पीएनजीच्या जेटचं छिद्र मोठं असतं. तीच शेगडी एलपीजीला जोडली तर ज्योत मोठी आणि पिवळी येते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. जेट बदलून घ्या, आणि ते काम मेकॅनिककडूनच.

आता सिलिंडर. मोठ्या भट्टीवर सिलिंडरला बाहेरून बर्फ धरलेला पाहिलाय का? आतल्या द्रवाचा गॅस होताना उष्णता लागते. गॅस फार वेगाने ओढला की सिलिंडर थंड पडतो आणि प्रेशर उतरतं. मग काही जण सिलिंडर आडवा करतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. दोन्ही धोकादायक! आडव्या सिलिंडरमधून थेट द्रव बाहेर येतो आणि त्याचा सुमारे २५० पट गॅस होतो. खरा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड, म्हणजे दोन-चार सिलिंडर एकाच पाईपला जोडणं. आमच्या भाषेत लोड बॅलन्सिंग. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणं तर बेकायदेशीरच आहे.

जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून तपासायचं नाही.

डिटेक्टरबद्दल अजून एक. अलर्ट मोबाईलवर आला आणि तुम्ही घरी झोपलेले असाल तर उपयोग काय? सायरन असलेला घ्या, आणि बजेट असेल तर गळती होताच पुरवठा तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह जोडा. तो हाताने रीसेट करावा लागणारा हवा. नाहीतर लाईट गेल्यावर बंद झालेला व्हॉल्व्ह लाईट येताच आपोआप उघडेल आणि चालू राहिलेल्या बर्नरमधून न जळता गॅस येत राहील.

वास आलाच तर ज्योती विझवा, व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा. लाईटचं किंवा एक्झॉस्टचं बटण चालूही करू नका, बंदही नाही. मोबाईल बाहेर गेल्यावरच काढा आणि १९०६ वर फोन करा. एलपीजी गळतीची ही हेल्पलाइन २४ तास चालते.

मित्राचा डिटेक्टर आता खाली आलाय. पहिल्याच आठवड्यात तो सॅनिटायझरच्या वाफेने दोनदा वाजला, कारण असे स्वस्त सेन्सर अल्कोहोललाही प्रतिसाद देतात. प्लग काढायच्या ऐवजी त्याने सॅनिटायझरची बाटली बाहेरच्या काउंटरवर हलवली.