ओल्या वाळूवरचे चाक : रायगड किनाऱ्यावरील बैलगाडी शर्यतीचा पूर्वेतिहास

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग आणि मुरुड तालुक्यांतील पुळणींवर, म्हणजे भरतीच्या रेषेलगतच्या वाळूच्या सपाट पट्ट्यांवर, भरणाऱ्या बैलगाडी आणि घोडागाडी शर्यतींविषयी गेल्या पंधरा वर्षांत जे लिहिले गेले, त्याचा बहुतेक भाग बैलाभोवती फिरतो. शर्यतबंदीच्या खटल्यांत न्यायालयांपुढील प्रश्न बैलाच्या वेदनेचा होता, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. मात्र शर्यतीत बैलाइतकीच गाडी आणि गाडीइतकीच जमीन धावत असते. देशावरची शर्यत आणि किनाऱ्यावरची शर्यत यांत जो फरक पडला, तो मुख्यतः चाकाने आणि समुद्राने पाडला आहे, आणि त्याचा शोध घ्यायचा तर या किनाऱ्यावर चाक केव्हा आणि कोणत्या वाटेने आले इथपासून सुरुवात करावी लागते.

कोकणात गाडी उशिरा आली. सह्याद्रीच्या पश्चिमेला मालाची ने-आण खाड्यांतून पडाव आणि मचवे यांनी, घाटातून वंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांनी, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी, आणि गावागावांत माणसाच्या डोक्यावरून होत असे. या किनाऱ्यावरच्या आंग्रे घराण्याची सत्ता ज्या कुलाबा किल्ल्यावरून चालली, तो किल्लाच ओहोटीला पायी गाठता येणारा आणि भरतीला पाण्याने वेढला जाणारा. या राज्याचे हमरस्ते पाण्यावरून जात होते. जमिनीवर चार महिने भाताचा चिखल, उरलेल्या काळात बांध आणि खाचरे, आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे समुद्राला बांध घालून कमावलेल्या खारवट शेतजमिनीच्या टापूत, वाट म्हणजे बहुधा बांधाची माथ्यावरची पट्टी. अशा प्रदेशात दोन चाकांची रुंदी मावेल एवढी जागा मिळणे हीच अडचण होती.

मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट १८३० मध्ये चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला आणि पनवेल हे गाड्यांचे नाके बनले. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले, १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला (त्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे बदलले), आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून धरमतर खाडी, पेण, रेवदंडा या दिशांना रस्ते बांधले गेले, तसतशी गाडी किनाऱ्यापर्यंत उतरली. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतली सुपारी आणि नारळ, मिठागरांचे मीठ, अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे या गावांचा माळांत गुंफलेला पांढरा कांदा, असा माल मग धक्क्यापर्यंत चाकावरून जाऊ लागला. कार्तिकातली वरसोलीची विठोबाची जत्रा आणि मार्गशीर्षातली चौलची दत्ताची जत्रा या गाडीच्या मोसमाच्या सुरुवातीच्या खुणा. भात झोडून झालेले असते, बैल मोकळे असतात आणि वाटा वाळलेल्या असतात. गाडीचा मोसम आणि जत्रेचा मोसम एकच असणे हा योगायोग नव्हे, आणि शर्यतीचा मोसमही त्याच कारणाने हिवाळ्यापासून पुढे सरकतो.

गाडी म्हणजे काय, हे आता सांगावे लागते, कारण ती घरात उरलेली नाही. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा तो आख. चाकाच्या मधला लाकडी गड्डा तो तुंबा. तुंब्यातून परिघाकडे जाणारे दांडे ते आरे. परिघाच्या वाकड्या लाकडी तुकड्यांवर घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी ती धाव. आणि चाक आखावरून निसटू नये म्हणून टोकाला ठोकलेली ती खीळ. पुढे गेलेल्या लांब दांड्यांना धुरा म्हणतात, त्यांच्या टोकाला जू, आणि जुवाच्या दोन्ही बाजूंना बैलाची मान अडवणाऱ्या शिवळा. धाव बसवणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे सामायिक काम होते: पट्टीचे कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवून फुगवायचे, चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतून आवळायचे, आवळताना तुंबा, आरे आणि परीघ एकमेकांत रुतून बसतात. आख आणि तुंबा यांच्या घर्षणासाठी वंगण, म्हणजे तेल आणि काजळीचे काळे मिश्रण, बांबूच्या नळ्यात भरून गाडीलाच टांगलेले असे. दूरच्या प्रवासाला निघालेला गाडीवान तो नळा विसरला, तर तुंब्याची कुरकुर अर्ध्या मैलावरून ऐकू येई.

किनाऱ्याने या यंत्राला दोन वेगळी दुखणी दिली. पहिले दमट हवेचे: पावसाळ्यात लाकूड फुगते आणि चैत्र-वैशाखात ते आकसते, मग लोखंडी धाव सैल पडते आणि आरे खुळखुळू लागतात, यावर जुना उपाय म्हणजे चाक रात्रभर पाण्यात भिजत ठेवणे. दुसरे खाऱ्या पाण्याचे: वाळूवर धावलेल्या चाकाची धाव आणि आखाची लोखंडी टोके गोड्या पाण्याने धुतली नाहीत, तर गंज चढतो, आणि तुंब्यात शिरलेली वाळू वंगणात मिसळून कानशीसारखी आख झिजवते. म्हणून शर्यतीच्या आधीची रात्र ही बैलाला खुराक देण्याची जेवढी, तेवढीच चाक तपासण्याची. खीळ उडाली की चाक निखळते, धाव सुटली की चाक पसरते, आणि शिवळ मोडली की बैल जुवातून बाहेर पडतो. या तिन्ही घटनांत धावणे संपते, आणि गाडीवानाचे हाड मोडण्याची शक्यता सुरू होते. यांपैकी पहिल्या दोन बिघाडांचा दोष बैलाचा नसतो, तरी हार बैलाच्या नावावरच लिहिली जाते, हे या खेळाचे एक जुने अन्यायकारक अंग म्हटले पाहिजे.

यामुळेच शर्यतीची गाडी ही मालाच्या गाडीपासून फुटून वेगळी झाली. हलकी, माल ठेवायच्या साटीविना, जेमतेम एक माणूस उभा किंवा उकिडवा राहील एवढ्या जागेची, अशी ही गाडी छकडा या नावाने ओळखली जाते. रबरी हवेच्या टायरांच्या गाडीला, जिला खेड्यांत सर्रास डनलप म्हणतात, शर्यतीत फारसे स्थान मिळाले नाही. ती माल वाहायला सोयीची, पण जड. अनेक ठिकाणी आज छकडा लाकडाऐवजी लोखंडी नळ्या जोडून केला जातो, तेव्हा त्याचा कारागीर सुतार राहत नाही, वेल्डिंगवाला होतो. सुतार-लोहारांच्या जोडकामाचे हे विघटन शर्यतीवर बंदी येण्याच्या पुष्कळ आधी, एसटी, ट्रक आणि पॉवर टिलर यांच्या येण्याबरोबर सुरू झाले होते.

आता जमिनीकडे वळावे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शर्यत घाटात, म्हणजे चढणीच्या मार्गावर, होते. तेथे एकेका गाड्याची वेळ मोजतात आणि त्या एका धावेला बारी म्हणतात. विदर्भात शंकरपट ही सपाट मातीवरची जोड्यांची धाव आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गाड्या एकत्र सोडण्याची पद्धत आहे. किनाऱ्यावर मात्र मैदान कोणाच्याही शेतात नसते, ते समुद्र उघडा करून देतो आणि काही तासांनी परत घेतो. कोरडी वाळू चाकाला गिळते. अरुंद लोखंडी धाव तिच्यात रुतते आणि बैलाची ताकद खेचण्यात जाते. पाण्याने नुकती सोडलेली वाळू मात्र घट्ट बसलेली असते आणि तिच्यावर चाक जवळजवळ सडकेसारखे धावते. त्यामुळे शर्यतीचा मार्ग पाण्याच्या कडेने, ओल्या पट्ट्यातूनच आखावा लागतो, आणि वेळ भरती-ओहोटीच ठरवते.

भरती-ओहोटीचे गणित कोळ्यांना आणि किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या बारानंतर किती तासांनी पूर्ण भरती येईल ते साधारणतः कळते; पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. षष्ठीची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास, आणि सहा तास मागे गेले तर ओहोटी सकाळी साडेदहाला. अमावास्या आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून त्या दिवसांची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते. त्यातच उधाण आणि भांग हा भेद येतो: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक ओसरते, ते उधाण, अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. म्हणजे सर्वांत रुंद मैदान मिळते तेव्हा ते ऐन दुपारी मिळत नाही, आणि भर दिवसा मिळते तेव्हा ते अरुंद असते. लोकांना पाहण्याची सोय आणि चाकाला धावण्याची सोय यांतला हा तिढा आयोजकांना प्रत्येक वेळी सोडवावा लागतो, आणि देशावरच्या कोणत्याही शर्यतीला तो पडत नाही.

शर्यतीमागे पैशाचा प्रश्नही आहे. बैलाची जोडी ही शेतीची गरज असताना शर्यतीचा बैल हा चैनीचा बैल असतो, आणि अशी चैन कुळांच्या घरी फार उशिरा आली असणार. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, जो दीर्घ शेतकरी संप झाला, आणि १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांतून जी जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, त्यांच्यानंतरच या टापूत शर्यतीसाठी वेगळा बैल पोसण्याचे बळ अनेक शेतकरी घरांत आले, असा तर्क करता येतो. तोवर गाडी धावत असे ती माल लवकर धक्क्यावर पोचवण्यासाठी. तिची शर्यत होणे हा संपन्नतेचा पुरावा आहे.

शर्यतीच्या खर्चाला वर्गणी आणि प्रवेश फी, आणि बक्षिसाला कोणी दाता. उरलेली रक्कम देवस्थानाकडे किंवा गावाच्या कामाकडे वळवण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या गावजत्रांत सर्वत्र रूढ आहे. जत्रेतल्या जंगी कुस्त्यांची घडणही अशीच. या पैशाला १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने एक चौकट दिली. देवस्थाने धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आली, आणि पुढे त्या कायद्यात घातलेल्या कलम ४१ क ने धर्मादायासाठी लोकांकडून रक्कम गोळा करणाऱ्यांवर कळवण्याचे व हिशेब देण्याचे बंधन आणले. तुलनाच करायची तर मुंबईत २००४ मध्ये सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये धावणारा स्वतः एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करतो. गावच्या शर्यतीत धावणारा बैल कोणासाठीच निधी उभा करत नाही, गावकरीच त्याच्या निमित्ताने एकमेकांकडून पैसे काढतात. बाजूला चालणारी पैज मात्र धर्मादायाच्या कोणत्याच व्याख्येत बसत नाही, आणि ती होत नाही असे कोणीही म्हणत नाही.

बंदीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. त्याखाली ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शर्यतबंदी उचलून धरली. आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीही बेकायदा ठरवल्या. राज्याने २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा केला, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. अटींत धावेचे अंतर एक हजार मीटरपर्यंत, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई असे मुद्दे आहेत. चाकाच्या किंवा आखाच्या अवस्थेचा, म्हणजे ज्या गोष्टीने बैल आणि माणूस दोघेही अचानक कोसळतात तिचा, या चर्चेत नावापुरताही ऊहापोह झाला नाही, हे आश्चर्याचे आहे.

बंदीच्या वर्षांत आणखी एक बदल पक्का झाला. बैल आता चालत शर्यतीला येत नाही. तो आणि त्याचा छकडा दोन्ही टेम्पोतून येतात, आणि प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम त्या प्रवासाला लागू होतात. ज्या गाडीने या किनाऱ्यावर मालाची वाट उघडली, ती आता दुसऱ्या गाडीतला माल आहे. कार्लेखिंडीच्या चढावर टेम्पो बंद पडला, तर मालकाला आख आणि तुंब्याची नव्हे तर क्लचची आणि पंक्चरची काळजी करावी लागते, आणि तिकडे पाणी कोणासाठीही थांबत नाही: पट्टा अर्ध्या तासाने अरुंद होऊ लागतो आणि उशिरा आलेल्या जोडीला ओली वाळू उरत नाही. परवानगीच्या अर्जात तारीख लिहावी लागते, तिथी नव्हे. त्यामुळे अर्ज भरण्याआधी आयोजकांना पंचांग उघडावे लागते, पाऊणपटीचा हिशेब करावा लागतो, आणि मग त्या तिथीला कोणती तारीख येते ते पाहून सरकारी रकाना भरावा लागतो.