अंगावरच्या दुधातले औषध : तीन प्रश्नांचा इतिहास

बाळंतिणीने काय खावे आणि काय खाऊ नये याचे एक मोठे शास्त्रच आपल्या घरांतून चालत आले आहे. हळीव, डिंक, बाळंतशेपा द्यायच्या, वातूळ पदार्थ टाळायचे. त्यातले सगळेच नियम तपासाला उतरतील असे नाही, पण त्यांच्या मुळाशी असलेली एक कल्पना खरी आहे. आईच्या पोटात गेलेल्या पदार्थांपैकी काही अंश दुधातून बाळापर्यंत पोचतो. औषधांनाही हाच नियम लागू आहे. मात्र 'औषध दुधात उतरते' एवढे सांगून शास्त्राचे काम संपत नाही. किती उतरते, त्यातले बाळाला किती मिळते आणि त्याने काही बिघडते का, हे सांगावे लागते. या प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या प्रयत्नांतला एक महत्त्वाचा भाग मुंबईत, परळला घडला.

प्रश्न किती व्यवहारातला आहे पाहा. परभणी जिल्ह्यातील जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातली एखादी बाई दोन महिन्यांचे मूल घेऊन आरोग्य केंद्रात येते. तिला लगेच दुसरे मूल नको आहे. पाळणा लांबवण्याची गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे, तर मूल अंगावर पिते आहे. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, "औषध घेतेस तर पाजू नकोस." पाजणे बंद केले तर वरचे दूध आले, आणि त्याबरोबर बाटली, अस्वच्छ पाणी व जुलाब आले. औषध घेतले नाही तर लवकरच पुन्हा दिवस जाण्याची भीती. दोन्ही बाजूंना धोका असताना नुसत्या शंकेवर निर्णय घेता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

1970 नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात संप्रेरकांची गर्भनिरोधके पुढे येऊ लागली, तेव्हा हा प्रश्न संशोधकांसमोर उभा राहिला. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या परळ येथील पुनरुत्पादन संशोधन संस्थेत व्ही. एस. टोडीवाला, के. डी. विरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केले. त्यांचे प्रकाशित निबंध क्रमाने पाहिले की एका प्रश्नातून दुसरा कसा निघाला हे स्पष्ट दिसते.

पहिला प्रश्न होता : या औषधांनी आईचे दूध कमी होते का? 1977 साली या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला तो गर्भनिरोधक संप्रेरकांचा स्तन्यावर होणारा परिणाम याच विषयावर. निरनिराळ्या देशांतील अशा अभ्यासांतून एक भेद पुढे आला. ज्या गोळीत इस्ट्रोजेन असते, तिच्यामुळे दूध कमी होऊ शकते. केवळ प्रोजेस्टिन जातीचे संप्रेरक असलेल्या औषधांच्या बाबतीत तशी चिंता फारशी उरत नाही.

दुसरा प्रश्न : औषध दुधात किती उतरते? हे मोजणे वाटते तितके सोपे नव्हते. गोळीतले औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात असते. रक्तात आणि दुधात त्याचे प्रमाण त्याहूनही सूक्ष्म, नॅनोग्रॅममध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतकी सूक्ष्म राशी मोजण्याची वाट रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1960च्या सुमारास अमेरिकेत काढून दिली होती. त्यांच्या पद्धतीत मोजायच्या पदार्थाला चिकटणारे प्रतिपिंड ठरावीक प्रमाणात घेतात. त्यात त्याच पदार्थाचे किरणोत्सारी खूण असलेले रेणू मिसळतात आणि मग नमुना घालतात. नमुन्यातले औषध जितके जास्त, तितके खूण असलेले रेणू प्रतिपिंडावरून बाजूला राहतात. ठरलेल्या बाकांसाठी दोन वर्गांतली मुले धावावीत आणि एका वर्गाची किती मुले उभी राहिली यावरून दुसऱ्या वर्गाची संख्या काढावी, तसे हे आहे. या शोधासाठी यॅलो यांना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, 1972 साली वारले होते.

दुधाची स्वतःची अडचण वेगळी. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे सूक्ष्म थेंब. संप्रेरके स्निग्धात सहज विरघळतात, त्यामुळे आधी ती त्यातून नीट वेगळी काढावी लागतात. शिवाय पाजण्याच्या सुरुवातीचे दूध पातळ असते आणि शेवटचे दाट. नमुना केव्हा घेतला यावर आकडा बदलू शकतो. गोळी घेतल्यानंतर किती तासांनी घेतला यावरही बदलतो. गोळीनंतर रक्तातले प्रमाण काही तास चढते व मग उतरते, तर त्वचेखाली बसवलेल्या नळीतून औषध रोज थोडे थोडे झिरपत राहते. म्हणूनच 1980 साली टोडीवाला, मेहता, विरकर व सक्सेना यांनी औषध देण्याच्या निरनिराळ्या पद्धती घेऊन आईचे रक्त आणि दूध या दोन्हींतले प्रमाण पाहिले.

याच सुमाराचे स्वीडनमधील उपसाला येथील 1977चे काम आकडेमोडीसाठी उपयोगी आहे. तेथील संशोधकांचा हिशेब असा : आई लेव्होनॉर्जेस्ट्रेल या औषधाची 30 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेत असेल आणि बाळ दिवसाला 600 मिलिलिटर दूध पीत असेल, तर बाळाला सुमारे 0.03 मायक्रोग्रॅम औषध मिळते. म्हणजे आईच्या मात्रेचा हजारावा भाग. पण येथे थांबले तर फसगत होईल. आई 50 किलोची आणि बाळ 5 किलोचे धरले, तर आईला दर किलोमागे 0.6 मायक्रोग्रॅम व बाळाला 0.006 मायक्रोग्रॅम पडते. हे प्रमाण एक टक्का झाले. वजन हिशेबात घेताच हजारावा भाग शंभरावा झाला! सर्वसाधारणपणे हे प्रमाण 10 टक्क्यांच्या खाली असेल तर औषध पाजत्या आईला चालण्यासारखे मानतात. अर्थात काही विषारी औषधे या नियमाला अपवाद आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता : बाळाच्या रक्तात काय पोचते? दुधातले सगळे औषध बाळाच्या आतड्यातून शोषले जाईलच असे नाही. उलट नवजात बाळाचे यकृत व मूत्रपिंडे पुरती तयार नसल्यामुळे थोडे औषधही शरीरात रेंगाळू शकते. दुधाच्या आकड्यावरून याचा नुसता अंदाज करता येतो. खात्री करायची तर बाळाच्या रक्ताचा थेंब हवा. 1987 साली शिकारी, बेत्राबेट, टोडीवाला आणि सहकाऱ्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकात लेव्होनॉर्जेस्ट्रेल निरनिराळ्या मार्गांनी दिल्यावर, तर दुसऱ्यात एकाच गोळीनंतर, आईकडून बाळाच्या रक्ताभिसरणापर्यंत किती औषध जाते हे पाहिले होते. बाळाच्या रक्तात औषध सापडले, पण आईच्या रक्तातल्यापेक्षा फारच कमी. 'सापडले' आणि 'फारच कमी' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला लपवला तर तो प्रचार होतो, दुसरा लपवला तर घबराट.

आकडा कमी आहे, एवढ्याने तो निरुपद्रवी ठरतो का? याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या नळीत मिळत नाही, मुलांकडे पाहून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ प्रोजेस्टिन घेणाऱ्या मातांच्या मुलांच्या पहिल्या वर्षातील वाढीवर व विकासावर अनिष्ट परिणाम आढळला नाही.

आणखी एक प्रश्न मात्र कोणत्याच मोजमापाने सुटत नाही. 1986 साली हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ज्या बाईच्या शरीरावर चाचणी होते तिला ती चाचणी आहे हे कळले होते का, असा त्यांचा सवाल होता. रक्ताचा थेंब घेणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाने तो स्वतःला विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

2017 पासून सरकारी आरोग्य सेवेत 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळू लागले. अंगावर पाजणाऱ्या आईला ते बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या औषधाची 'छाया' गोळीही मिळते. तिचे दुधातले प्रमाण 1995 सालीच मोजून प्रसिद्ध झाले आहे. 'माला-एन' गोळीत मात्र इस्ट्रोजेन असते, म्हणून पाजणाऱ्या आईला ती पहिले सहा महिने देत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या या साध्या सूचनेमागे वर सांगितलेले सगळे मोजमाप उभे आहे.

शिक्षकांनी उपसालाचे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. आईचे व बाळाचे वजन बदलून टक्केवारी कशी बदलते ते मुलांना काढू द्यावे. आणि घरी कोणी "औषध चालू आहे, पाजणे बंद कर" म्हणाले, तर आधी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला औषधाचे नाव सांगून विचारायचे, हेही त्याच तासाला सांगावे. वर्गातल्या काही मुलींना हा निर्णय पुढे स्वतःसाठी घ्यावा लागणार आहे, तर काही मुलांना बायकोच्या आणि सुनेच्या बाजूने बोलावे लागणार आहे.