राब, रान आणि रानभाजी



इतिहासाच्या व्याख्यानात किल्ले यावेत, तह यावेत, निदान एखादी तलवार तरी यावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्तच आहे. पालघर-बोईसरच्या बाजूला ह्या गोष्टींचा तुटवडाही नाही. तारापूरचा कोट १७३९ च्या आरंभी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला व त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे त्याच तारापुरास १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, म्हणून त्याचे नाव दुसऱ्यांदा इतिहासात गेले. मी मात्र आज तुम्हांस भाजीची टोपली दाखविणार आहे.

ही टोपली पाहावयाची असेल तर मेअखेरीस किंवा मृगाच्या सुमारास बोईसर अथवा पालघर स्थानकाबाहेर सकाळी जावे. डोंगराकडून आलेल्या बाया फडक्यावर वाटे मांडून बसलेल्या दिसतात. पहिला मान शेवळांचा. तांबूस-जांभळट, लांबोडकी, भुईतून पानाच्या आधी वर येणारी ही फुलकांडी. आणि जोडीला काकडाची आंबट हिरवी फळे. काकडे फुकट द्यावयाची म्हणून नव्हेत, तर त्यांच्या आंबटपणावाचून शेवळ घशाला खाजते म्हणून. पाऊस स्थिरावला की कोळीची भाजी, टाकळा, कुर्डू, तेरा, मग बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, आणि श्रावणात करटोली. कडूकंद बाजारात क्वचित येतो. तो चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळावा लागतो, वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा व विष उतरते. हे ज्ञान कोणा पंडिताने ग्रंथ लिहून दिलेले नाही. कोणी तरी उपाशी माणसांनी, बहुधा काही जीव गमावूनच, ते मिळविले असावे.

ही भाजी कोणाची, हा प्रश्न मला आज मांडावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम डोंगरी शेती म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ह्या लोकांची शेती खाचरात संपत नाही. किंबहुना ती खाचरात सुरूही होत नाही. भाताचे आवण करावयाचे तर त्या तुकड्यावर आधी शेण, मग झाडांच्या डहाळ्या, मग पालापाचोळा व गवत आणि वर मातीचा पातळ थर पसरून ते सारे उन्हाळ्यात भाजावयाचे. ह्यासच राब म्हणतात. ऐनाच्या डहाळ्या ह्या कामी विशेष पसंत. उतारावरची वरकस जमीन नाचणी-वरईला, तिच्या कडेचे गवत गुरांना, आणि तिच्यातले झाड राबाला. रान, वरकस व खाचर अशी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढला की बाकीचे दोन उभे राहत नाहीत. आणि रानभाजी ह्या तिन्ही ठिकाणी उगवते: शेवळ झाडोऱ्यात, करटोली कुंपणावर, टाकळा माळावर आणि कुर्डू तर चक्क पिकात.

१८७८ च्या वनकायद्याने ह्या तिवईचा पहिला पाय सरकारजमा होऊ लागला. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग १८६४ मध्ये पुरा झाला होता. मुंबई शहर वाढत होते. लाकूड व कोळसा दोन्ही हवे होते. तेव्हा राबासाठी डहाळी तोडणे हा एकाएकी गुन्हा ठरू लागला. ह्याविरुद्ध ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशी-आयोग नेमावा लागला. आमच्या शालेय इतिहासात १८८५ म्हटले की राष्ट्रीय सभा तेवढी आठवते. त्याच वर्षी ठाण्याच्या शेतकऱ्याची डहाळी हाही सरकारी चौकशीचा विषय झाला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आयोगामुळे काही सवलती मिळाल्या. पण पूर्वी जो हक्क होता ती आता सवलत झाली, आणि सवलत देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो.

जंगल आखडले तशी जमीनही सावकाराकडे गेली. पावसाळ्यात घरात दाणा नसे. तेव्हा सावकाराकडून खावटी आणावयाची व सुगीत दीडपट धान्य परत घालावयाचे, ते न जमल्यास वेठ करावयाची. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याचा १९३९ चा अहवाल वाचावा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांची हकीकत सरकारी भाषेतही अंगावर काटा आणते. अशा घरात आषाढ-श्रावण कसा निघत असेल? तो पाल्यावर व कंदांवर निघे. सावकाराच्या वहीत जिची नोंद होत नसे असे ते जवळजवळ एकमेव अन्न होते.

पुढचा इतिहास तुम्हांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. १९४५ साली तलासरी-डहाणू भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठ आणि लग्नगडी मोडले. गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. वेठ गेली, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीस लहान मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर असे होते, ह्याचा महाराष्ट्रास धक्का बसला. ह्याकरिता ‘रानभाजी खा, कुपोषण हटवा’ असे सोपे सूत्र सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही. पाल्याने लोह मिळते, चुना मिळतो. पोट भरावयास दाणाच लागतो. पाला हा दाण्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

मग ह्या भाज्या शेतात लावाव्यात काय? कल्पना नवी नाही. चीनमध्ये मिंग घराण्यातील झू सू नावाच्या राजपुत्राने कायफंग येथे दुष्काळी वनस्पतींची बाग केली, आणि १४०६ साली अशा चारशे चौदा वनस्पतींचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानातील डोंगरी खेड्यांतही रानातले कोंब आज परसात व गोठ्यासारख्या छपरात वाढवून शहरांस पाठविले जातात. आमच्याकडे लावणीची गोष्ट निघाली ती मात्र निराळ्याच वाटेने, आणि ती सांगण्याजोगी आहे.

पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीची भाजी देवाला वाहिल्यावाचून खावयाची नाही, असा वारल्यांचा रिवाज आहे. आपण त्याला भोळेपणा म्हणतो. परंतु पात जरा मोठी होईपर्यंत तिला हात न लागण्याची ती तजवीजही आहे. ह्या कोळीच्याच कुळातील एका जातीस फादर सांतापाव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५० नंतरच्या दशकात बोरिवलीवरून शास्त्रीय नाव दिले. तीच पुढे सफेद मुसळी म्हणून गाजली. औषधवाल्यांना पात नको होती, मुळ्या हव्या होत्या. पात खुडली तर रोप पुन्हा फुटते. मुळ्या उपटल्या की संपले. रानातली मुसळी झपाट्याने विरळ झाली. मग तिची लागवड करा, लक्षाधीश व्हा, अशी हवा उठली. पैसेवाल्या बागायतदारांनी महाग बेणे विकत घेतले, त्यातून बेण्याचाच धंदा झाला, आणि भाव कोसळताच पुष्कळांचे हात पोळले. ह्या सर्व उलाढालीत डोंगरावरच्या बाईचा संबंध एवढाच, की तिच्या भाजीची जागा खणली गेली.

म्हणून लागवड करावयाची ती कोणाच्या बांधावर, हे मला पिकापेक्षा महत्त्वाचे वाटते. करटोलीचे उदाहरण घ्या. तिच्यात नर वेल निराळा व मादी वेल निराळा. बी पेरले तर उगवण रेंगाळते, आणि कोणता वेल नर निघेल हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून कंद लावावेत, व साधारण दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा. कंद जमिनीत राहिला की पुढल्या मृगात आपोआप फुटतो. अशा पिकाला विहीर लागत नाही, बैल लागत नाही. कुंपण लागते, आणि ते प्रत्येक झोपडीस असते. शेवळाचेही तसेच. फुलकांडी खुडली तरी मागून पावसात पान येते व ते कंद पोसते. मात्र सगळीच खुडली तर बी पडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

सेंद्रिय म्हणाल तर येथे निराळे काही करावयाचे नाही. जेथे रासायनिक खत परवडलेच नाही तेथील शेतकऱ्याने आपली नाचणी निर्भेळ असल्याचा दाखला कागदोपत्री मिळवावा, ही मला थोडी गमतीची गोष्ट वाटते. परंतु शहरी गिऱ्हाईक दाखल्याला पैसे देते, तर तो मिळवावा. खरे भय निराळे आहे. निंदणीची मजुरी वाचावी म्हणून तणनाशकाचा डबा आता डोंगरातही पोचला आहे. त्याच्या दृष्टीने कुर्डू, माठ आणि टाकळा हे तणच. एका फवाऱ्यात बाजारातले गवत आणि घरातली भाजी दोन्ही जातात. आणि ही हानी कोणत्याही खात्याच्या आकड्यांत येत नाही, कारण पीक म्हणून ती भाजी कधी नोंदलीच गेली नव्हती.

कायद्याचे चाक मात्र थोडे उलट फिरले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर, म्हणजे कंद, बांबू, मोहफुले इत्यादींवर, वनवासी समाजाची मालकी मान्य केली. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. बांबूची तर मौजच होती. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, वनकायदा त्याला झाड म्हणत होता. जंगलाबाहेरचा बांबू ह्या व्याख्येतून सुटावयास २०१७ साल उजाडावे लागले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, आणि आता पावसाळ्यात रानभाज्यांचे सरकारी महोत्सवही भरतात. त्यांत पाककृतींना बक्षिसे असतात. भाजी कोणत्या रानातून आणली आणि त्या रानाचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे की नाही, हेही त्या मांडवात विचारले जावे.

गेल्या पावसाळ्यात बोईसरला एका बाईंच्या वाट्यात मोठी, एकसारखी करटोली पाहिली. रानातली का, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, कंद रानातले, वेल कुडावरचे. किती कंद आणले, असे विचारता त्यांनी दोन बोटे दाखविली. बाकीचे तिथेच ठेवले होते.