टाळाची कुळकथा

टाळ म्हणजे काशाच्या दोन जाड वाट्या, मधल्या छिद्रांतून ओवलेल्या दोरीने जोडलेल्या. कडा तिरक्या आपटल्या की नाद लांबतो. वाट्या एकमेकींवर दाबून धरल्या की तो तिथेच मिटतो. एवढ्या फरकावर टाळकरी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा पेलतो.

वाद्य जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त टाळाची गणना घनवाद्यांत होते. तो वारकऱ्यांची खूण झाला मात्र ज्ञानदेव-नामदेवांपासून चालत आलेल्या कीर्तनात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसराशी त्याचे नाते तुकोबांमुळे घट्ट झाले. देहूला तुकोबा कीर्तनाला उभे राहिले की मागे चौदा टाळकरी असत, असे परंपरा सांगते. त्यांतले संताजी जगनाडे चाकणचे, व्यवसायाने तेली. टाळ धरणाऱ्या याच हातांनी तुकोबांचे अभंग वहीत उतरवले, आणि त्या वह्यांवरूनच पुढे वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती काढली. संताजींची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. आज चाकणची ओळख मोटारींच्या कारखान्यांची. पण या गावाचा खरा मान संताजींच्या वहीत आहे.

1685 साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला आणि टाळ रस्त्यावर आला. आजही देहूहून निघालेली पालखी दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते. दिंडीत मृदंगाच्या बोलावर टाळकरी पावली खेळतात. 1917 साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा घराघरांतून शिकत आलेल्या या विद्येला पाठशाळाही मिळाली.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात टाळ घरच्या सगळ्यांचा होतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग, शेजारी मृदंगी, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. समोर आजीपासून नातवंडापर्यंत घर बसलेले असते, पण नुसते ऐकत नाही: ध्रुपद आले की सगळे उचलतात. आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातही वादक टेबलाभोवती गोलाकार बसून कानांनी शिकलेल्या चाली वाजवतात आणि जाणकार ऐकणारा आपले वाद्य घेऊन त्यांत सामील होतो. टाळाला तर तेवढ्या तयारीचीही अट नाही. लहान मूल छोटे टाळ घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहते, शेजाऱ्याच्या हाताकडे पाहत ठेका पकडते. चुकले तरी कोणी खाली बसवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टाळकरी घडले ते असेच.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते, काला वाटला जातो आणि महाप्रसादाच्या पंगती बसतात.